लाइन तुटल्याच्या नोंदी

६ जानेवारी

कचेरीतली मशीन बघणारी मुलगी फोनवर म्हणाली, "काकू, लाइन कधी तुटते, किती वेळ तुटते, तेव्हा तुम्ही काय करत होतात, सगळं तारखेनिशी लिहून ठेवा. नुसतं 'सारखी तुटते' म्हणू नका. सारखी म्हणजे मला काही कळत नाही."

म्हणून ही वही काढली. पहिली चार पानं ह्यांच्या अक्षरात आहेत, कुठल्याशा पुस्तकाच्या सूचीतल्या चुका. फाडवली नाहीत. पाचव्या पानापासून मी.

आज १०.२० ला तुटली, सात मिनिटं. ११.०५ ला, चार मिनिटं. १२.४० ला तुटली ती परत आलीच नाही. तेव्हा मी काय करत होते? वाचत होते. दुसरं काय करणार.

मुलगी कचेरीत नवीन आहे, तिला आमचं काम समजावून सांगावं लागलं. काम जोडीचं. एकाने मूळ हस्तलिखित मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने छापून आलेल्या कच्च्या पानावर ओळीखाली पट्टी धरून ऐकायचं. विरामचिन्हंसुद्धा उच्चारायची. "शून्य दशांश पाच मिलिग्रॅम स्वल्पविराम दिवसातून दोनदा पूर्णविराम." ऐकणाऱ्याला वेगळं काही दिसलं तर तो थांबवतो, नाहीतर गप्प. गप्प म्हणजे बरोबर. हल्ली असं कोणी करत नाही, पण आमच्या प्रकाशकाकडे नर्सांसाठी औषधांच्या मात्रांची पुस्तकं निघतात. एका दशांशचिन्हाने माणूस जाऊ शकतो, म्हणून तिथे अजून जोडी लागते.

सव्वीस वर्षं मी वाचलं आणि ह्यांनी ऐकलं, जेवणाच्या टेबलावर समोरासमोर. हे जाऊन उद्या दहा महिने होतील. आता समोर लॅपटॉप आहे आणि लॅपटॉपमध्ये नवे गृहस्थ.

७ जानेवारी

पाच वेळा तुटली. वेळा मागच्या पानावर लिहिल्या आहेत.

मुलीने विचारलं, "चार्जर लावलेला असतो का?"

मी म्हटलं, "बॅटरी भरली की काढते. भरलेल्या भांड्यात कशाला ओतत बसायचं? ह्यांना आवडायचं नाही."

ती हसली. "काकू, चार्जर काढला की मशीन कंजूष होतं. वीज वाचवायची म्हणून आधी वायफाय झोपवतं. तुम्ही तासन्‌तास नुसत्या बोलत बसता, कशाला हात लावत नाही. त्याला वाटतं, घरात कोणी नाही."

मग तिने एकेक पायरी सांगितली आणि मी ती करून दाखवली. डिव्हाइस मॅनेजर. त्यात नेटवर्क अडॅप्टर. त्यात 'वायरलेस' लिहिलेली ओळ. तिच्यावर दोनदा टिचकी, मग पॉवर मॅनेजमेंट. तिथे लिहिलं होतं, वीज वाचवण्यासाठी संगणकाला हे उपकरण बंद करू द्या, आणि पुढे बरोबरची खूण. मी तिला पूर्णविरामासकट वाचून दाखवलं. म्हणाली, "पूर्णविराम राहू दे, खूण काढा." काढली. मग बॅटरीच्या सेटिंगमध्ये वायरलेससाठी 'कमाल बचत' होतं, ते 'कमाल कार्यक्षमता' केलं.

चौथी शिकलेल्या बाईला हे जमलं याचा आनंद वाटला, हे कबूल करते. असं नीट वाचायला मी लग्नानंतर शिकले, ह्यांच्याच कच्च्या पानांवर. मी चुकले की ह्यांची पेन्सिल टेबलावर वाजायची, टक टक. तोंडाने कधी रागावले नाहीत. तोंडाने ते फारसं काही म्हणायचेच नाहीत.

९ जानेवारी

माझी लाइन दोन दिवसांत एकदाही तुटली नाही. वायफायचे पट्टे भरलेले. पण गृहस्थांचा आवाज तुटतो.

त्यांच्याबद्दल लिहिलं नाही अजून. पन्नाशीचे असावेत. कुठल्याशा छापखान्यात वीस वर्षं एका खोलीत एकटे बसून पानं तपासायचे. छापखाना बंद झाला. आमच्या साहेबांनी त्यांना घेतलं आणि म्हणूनच मलाही पुन्हा बोलावलं, नाहीतर हे गेल्यापासून मला कामच नव्हतं. वाचणारीला ऐकणारा लागतो.

त्यांना थांबवायचं असलं की "थ थ थ थ" असं येतं, मग काहीच नाही, मग एकदम "थांबा". तोवर मी तीन ओळी पुढे गेलेली असते. मग मागे या, शोधा. आज असं नऊ वेळा झालं.

मी म्हटलं, "अहो, तुमचा आवाज तुटतोय."

जरा वेळाने "हो" आलं. ते मात्र अख्खं आलं.

१३ जानेवारी

मुलीने माझ्याकडचं सगळं तपासलं. डबा, म्हणजे राउटर, बंद करून पुन्हा लावला. टेबल खिडकीकडून डब्याच्या खोलीत हलवलं. आता समोर खिडकीऐवजी कपाट. तरी त्यांचं तुटणं तेवढंच.

नवल म्हणजे ते लिहून पाठवतात ते क्षणात येतं आणि एक अक्षर तुटत नाही. आज आलं: "बाई, पान ३८, ओळ १२. मूळ प्रतीत 'जेवणानंतर' आहे की 'जेवणाआधी'? इथे 'आधी' छापलंय. तुम्ही पुढे गेलात म्हणून लिहून विचारतो. तुमचं वाचन फार स्वच्छ आहे, छापखान्यात असं वाचणारं कोणी असतं तर बहार आली असती."

मुलगी म्हणाली की अक्षरांना लाइन थोडी लागते, आवाजाला जास्त. पटलं.

तरी त्यांना कळवलं की लिहून पाठवू नका, मी वाचताना खाली-वर बघत नाही, निरोपाची घंटी मी बंद करून टाकली आहे. तोंडाने थांबवायचं. थांबवण्यासारखं नसेल तर गप्प बसायचं. "हं", "हां", "बरं" नकोत.

१६ जानेवारी

वाईट दिवस. काम सुरू करण्याआधी ते म्हणाले, म्हणजे तुकड्यातुकड्यात आलं, मी जोडून लिहिते: "बाई, मी थांबा म्हणण्याऐवजी टेबलावर पेन्सिल वाजवू का? टक टक. ते लगेच ऐकू येईल."

माझ्या अंगावर काटा आला. त्यांना काय ठाऊक, पण माझ्या अंगावर आला.

मी म्हटलं, "नाही."

"का, का, का..."

"तुटतंय तुमचं. नाही म्हटलं ना. ती आमच्या घरातली पद्धत होती. ज्यांची होती ते गेले. तुम्ही शब्दाने थांबवा. चार अक्षरं बोलायला माणसाला काय होतं?"

थांबा यात चार अक्षरं नाहीत, दोन आहेत. नंतर लक्षात आलं. पण मी दुरुस्त करत बसले नाही.

दिवसभर त्यांनी दोनदाच थांबवलं. छान झालं म्हटलं. एकवीस पानं उरकली.

२० जानेवारी

एकवीस पानांतली सहा पुन्हा वाचावी लागली, चुका राहिल्या होत्या. आता निकालच लावायचा म्हणून मी त्यांनाच सेटिंग तपासायला बसवलं. मुलीने मला शिकवलं तसं मी त्यांना शिकवलं. कोणाला काही शिकवायची वेळ माझ्यावर पहिल्यांदाच आली.

"काय दिसतंय ते वाचून दाखवा."

"ने, ने, ने..."

"परत सांगा. तुटलं."

"नेट, नेट, नेटवर्क अ, अ, अ..."

"अडॅप्टर. तेच ना? मग तसं म्हणा की. बघा, एवढंसं वाक्यसुद्धा जात नाही तुमच्याकडून. पहिल्यापासून सांगा बघू."

असं अर्धा तास. प्रत्येक ओळ मी त्यांच्याकडून तीन-तीनदा वदवून घेतली, कुठे तुटते ते कळावं म्हणून. मुलीने तसंच सांगितलं होतं, नेमकी जागा शोधा. एक गोष्ट कळली ती लिहून ठेवते: 'वायरलेस' एका दमात येतं, 'अडॅप्टर' येत नाही, 'पॉवर' येत नाही, 'बंद' तर मुळीच येत नाही. मुलीला सांगितलं तर ती म्हणाली, "काकू, लाइनला शब्द कळत नाहीत." मग म्हणाली, "एकदा त्यांच्याकडे जाऊन बघते." पण तिला वेळ होईल तेव्हा.

त्यांची खूण आधीच काढलेली होती. मग बिघाड कुठे?

२४ जानेवारी

मुलीच्या सांगण्यावरून आज त्यांना कॅमेरा लावायला लावला. चित्र बघितलं की लाइनचा अंदाज येतो म्हणे.

पांढऱ्या कॉलरचा शर्ट, नीट विंचरलेले केस. कॅमेऱ्यासमोर येणार म्हणून तयार झाल्यासारखे. पाठीमागे भिंतीवर गोल घड्याळ. पान ७१ वर त्यांना थांबवायचं होतं. तोंड उघडलं, डोळे मिटले, हनुवटी वर गेली आणि चित्र तिथेच अडकलं. मी घड्याळ बघून मोजलं, चौदा सेकंद. त्यांच्याच मागच्या भिंतीवरचं, त्याचा काटा फिरत होता.

मग "थांबा" आलं आणि चित्र सुटलं. कपाळाला घाम.

मी म्हटलं, "तुमचं चित्रसुद्धा गोठतं हो." ते हसले. छान हसतात. कॅमेरा बंद करायला सांगितलं, उगीच लाइन खातो.

३० जानेवारी

लेकीचा फोन. म्हणाली, "आई, कसे आहेत नवे?"

"तुटक."

"म्हणजे कमी बोलतात?"

"बोलायला जातात आणि तुटतात. मी त्यांचं नाव तुटकच ठेवलंय."

"तोंडावर म्हणत नाहीस ना?"

"एकदा म्हटलं. हसले."

लेक म्हणाली, "बाबांच्या जागी कोणीही बसलं तरी तुला तुटकच वाटणार."

असं काही नाही. मला फक्त पुस्तक वेळेत संपवायचं आहे. हे पुस्तक ह्यांनी सुरू केलं होतं, पहिल्या अकरा पानांवर ह्यांच्या खुणा आहेत. ही आवृत्ती बिनचूक गेली तर साहेब पुढची दोन देणार आहेत. नाही गेली तर जोडी बंद. मला दुसरं काही येत नाही, आणि घरात दिवसभर मोठ्याने बोलायला दुसरं कारणही नाही.

६ फेब्रुवारी

पान ११२, ओळ ९. लहान मुलांच्या तापाच्या औषधात पाच मिलीच्या जागी पन्नास. शेवटच्या वाचनात लेखक डॉक्टरांना दिसलं, म्हणून छापायला गेलं नाही.

साहेबांचा फोन आला.

"वहिनी, पन्नास मिली. मूल मेलं असतं."

"मी पाचच वाचलं. प्रत माझ्यासमोर आहे."

"तुम्ही पाच वाचलं आणि त्यांनी पन्नासवर पट्टी धरली? ऐकलं नाही?"

आठवून बघितलं. ओळ ६ ला त्यांचं "थ थ" सुरू झालं होतं. म्हणजे ते सहाव्या ओळीवर अडकलेले आणि मी नवव्या ओळीवर. नववी ओळ मी कोणालाच वाचून दाखवली नाही.

साहेबांना म्हटलं, "त्यांची लाइन तुटते. पहिल्या दिवसापासून."

"असं आहे होय," साहेब म्हणाले. "मला लेखी द्या बरं."

७ फेब्रुवारी

दिलं. एक पान. "सहकाऱ्यांच्या बाजूची लाइन वारंवार तुटते. माझ्याकडील सर्व तपासण्या झाल्या असून बिघाड आढळत नाही. या स्थितीत बिनचूक काम होणे शक्य नाही." सोबत या वहीतल्या वेळा उतरवून जोडल्या. चव्वेचाळीस नोंदी. तीनदा तपासून पाठवलं, एकही चूक नव्हती.

लिहून झाल्यावर बरं वाटलं. कोणाविरुद्ध लिहिलं नाही, लाइनविरुद्ध लिहिलं.

१० फेब्रुवारी

त्यांना काढलं. साहेबांनी एका ओळीत कळवलं. मला वाटलं होतं नवी लाइन घेऊन देतील.

१४ फेब्रुवारी

मशीनवाली मुलगी त्यांच्या घरी लॅपटॉप परत आणायला गेली होती. तिथूनच परतताना तिने मला फोन केला. पाठीमागे रस्त्याचा आवाज होता.

"काकू, त्यांच्या मशीनमधली नोंद बघितली. एक जानेवारीपासून त्यांची लाइन एकदाही तुटलेली नाही."

"मग आवाज?"

"काकू, ते तोतरे आहेत. बोलताना अडकतात. दारात मला 'या' म्हणायला त्यांना इतका वेळ लागला की मीच आत गेले."

मग ती म्हणाली, "हॅलो? काकू? तुटलं का?"

"नाही."

"तुम्हाला खरंच माहीत नव्हतं? पाच आठवडे?"

"मला वाटलं, लाइन."

"हं," ती म्हणाली. आणि फोन ठेवला. रोज ठेवताना "काळजी घ्या" म्हणते.

१५ फेब्रुवारी

काही केलं नाही.

१७ फेब्रुवारी

कचेरीत गेले. जिना चढताना ठरवलं होतं, कागद परत मागायचा.

साहेब माझ्याशी नेहमी चांगले वागतात, ह्यांचा मान होता त्यांना. चहा मागवला. मी सगळं सांगितलं. ते चमच्याने साखर ढवळत राहिले.

"वहिनी, हे मला मुलाखतीतच कळलं होतं. स्वतःचं नाव सांगायला त्यांना अर्धं मिनिट लागलं."

"मग घेतलंत का?"

"तेव्हा दुसरं कोण मिळत होतं? आणि डोळा चांगला आहे त्यांचा, त्यात वाद नाही. पण आता वाचून दाखवणारं मशीन येतंय, दोघांतला एक कमी करायचाच होता. अडखळतात म्हणून काढलं असं कागदावर घालता येत नाही, उद्या कोणी उठून प्रश्न विचारेल. लाइन खराब होती, हे घालता येतं. तुम्ही तर तारीख, वार, मिनिटं, सगळं नेटकं लिहून दिलंत. माझं काम सोपं झालं."

"मी ते परत घेते."

"घ्या की." त्यांनी खणातून फाइल काढून टेबलावर ठेवली. "पण बदल्यात काय लिहून द्याल? लाइन उत्तम होती, माणूस अडखळत होता आणि ते मला पाच आठवडे ओळखू आलं नाही? सव्वीस वर्षं जिने आवाजावर पोट भरलं त्या बाईला? असं लिहिलंत तर मग मलाच विचार करावा लागेल, दोघांतलं नक्की कोण कमी करायचं."

फाइल माझ्यापासून एका हाताच्या अंतरावर होती.

मी चहा संपवला. पर्स उचलली. जिन्यात पहिल्या वळणावर कठडा धरून उभी राहिले, मग घरी आले. कागद तिथेच आहे.

१९ फेब्रुवारी

दुपारी एका अनोळखी बाईंचा फोन. त्या गृहस्थांची बायको. मशीनवाल्या मुलीकडून नंबर घेतला म्हणाली. कपडे शिवायच्या कारखान्यात असते, जेवणाच्या सुट्टीत तिथूनच बोलतेय म्हणाली. मोकळी, हसरी. नवऱ्याला ती "हे"च म्हणते, मी म्हणते तसं.

"बाई, तुमचे आभार मानायचे राहिले होते, म्हणून केला फोन."

"माझे?"

"मग कोणाचे? पहिल्याच दिवशी जेवताना ह्यांनी सांगितलं, बाई फार समजूतदार आहेत. मी अडकलो की 'लाइन तुटतेय' म्हणतात. मशीनवर ढकलतात सगळं. अहो, शाळेपासून ह्यांनी हसणारे बघितले, कीव करणारे बघितले, ह्यांचं वाक्य स्वतःच पुरं करणारे तर विचारूच नका. असं सांभाळून घेणारं कोणी भेटलं नव्हतं."

मी "हं" म्हटलं.

"त्या दिवशी तुम्ही ते सेटिंग वाचायला लावलंत ना, घरी आले... म्हणजे घरीच होते, पण चेहरा असा झालेला. मला वाटलं, झालं, ह्याही बाई तसल्याच. तर म्हणाले, नाही गं, त्या मला बोलायची सवय लावतायत. आणि सांगते, मग रोज संध्याकाळी बसायला लागले. मी वर्तमानपत्र वाचायचे आणि ह्यांनी मला थांबवायचं. थांबा, थांबा, थांबा. घरात यायचं हो अगदी स्वच्छ! मलाच म्हणावं लागायचं, पुरे आता, बातमी तरी संपू दे."

ती हसली. मीही हसले. हे लिहायला हवं. मीही हसले.

मग म्हणाली, "काम गेलं त्याचं काय, दुसरं बघतील. पण कोणीतरी लेखी तक्रार केली म्हणे. त्या साहेबांना विचारलं तर नाव सांगत नाहीत. तुम्हाला काही कळलं का?"

"नाही," मी म्हटलं.

"जाऊ दे. थांबा, ह्यांना देते हां, आज मलाच घरी राहायला लागलंय, सुट्टी काढलीये. कारखान्यात आहे असं म्हटलं मघाशी, ते तुम्हाला भीड पडू नये म्हणून. हे इथे शेजारीच बसलेत कधीचे. धीर होत नव्हता."

मग त्यांचा श्वास ऐकू आला. मग, "बा, बा, बाई." मग मोठं थांबणं. मग हसू, आणि हसूतच, "ला, ला, लाइन तु, तुटतेय ब, बघा."

आमच्या दोघांचा विनोद म्हणून सांगत होते. पाच आठवडे त्यांच्या मते आम्ही दोघं मिळून हा विनोद करत होतो.

"नाही," मी म्हटलं, "नीट येतंय. सगळं ऐकू येतंय."

 चुलीवर काही आहे असं सांगून फोन ठेवला. चुलीवर काही नव्हतं.

२२ फेब्रुवारी

तीन दिवस पत्र लिहितेय. फोनवर सांगायला गेले तर ते मला मध्येच थांबवू शकणार नाहीत आणि मी त्याचा फायदा घेईन, हे मला माझं ठाऊक आहे. म्हणून कागदावर, हाताने.

सगळं लिहिलं. तक्रार माझी होती. चव्वेचाळीस नोंदी माझ्या होत्या. साहेबांनी फाइल पुढे ठेवली तेव्हा मी हात पुढे केला नाही. तुमच्या बायकोने विचारलं तेव्हा खोटं बोलले. टकटक करू दिलं असतं तर ओळ नऊ चुकली नसती आणि तुमचं काम गेलं नसतं. माझ्या नवऱ्याची पेन्सिल कोणाच्या हातात मला बघवली नसती, एवढंच त्याचं कारण. साहेबांनाही आज दुसरा कागद पाठवतेय, त्याची नक्कल सोबत आहे, तिचा तुम्हाला पुढच्या कामासाठी उपयोग होईल. तुम्ही बोलताना अडखळता हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. दिलगीर आहे.

दोन पानं झाली. ह्यांना दाखवता आली असती तर किती वेळा टकटक झाली असती कोण जाणे.

दोन्ही पाकिटं पेटीत टाकली.

२५ फेब्रुवारी

साहेबांचं उत्तर. पुढची दोन पुस्तकं मशीन वाचणार, माझी गरज नाही. अपेक्षा होतीच. लॅपटॉप परत न्यायला मुलगी आली होती. चार्जरची वायर गुंडाळताना माझ्याकडे बघितलं नाही. जाताना मात्र दारात वळून म्हणाली, "काकू, काळजी घ्या."

घरात आता काही वाचायचं नाही म्हणजे काही बोलायचं नाही.

२ मार्च

पोस्टाने पाकीट आलं. वरचं अक्षर ओळखलं नाही. त्यांचं हस्ताक्षर मी कधी पाहिलंच नव्हतं.

आत माझंच पत्र. दोन्ही पानं. तपासलेली.

लाल शाईने, बारीक आणि ठाम. पहिल्या पानावर एक स्वल्पविराम जास्त होता तो काढलाय. एका शब्दात अक्षर राहिलं होतं, तिथे खूण करून वर लिहिलंय. दोन वाक्यं मी एकात कोंबली होती, ती सोडवली आहेत. खुणा स्वच्छ आहेत, ह्यांच्यापेक्षाही स्वच्छ. हे लिहायला जड गेलं, पण आहे ते आहे. सोबत चिठ्ठी नाही. कुठे रागाचा शब्द नाही, मायेचा नाही. मी उलटून बघितलं, पाकीट फाडून आतून बघितलं.

दुसऱ्या पानावर एकच खूण. 'तुम्ही बोलताना अडखळता हे मला शेवटपर्यंत कळलं नाही' या ओळीखाली रेघ, आणि समासात प्रश्नचिन्ह.

या प्रश्नचिन्हाचा आमच्या कामात एकच अर्थ असतो. तपासणाऱ्याला इथे शंका आहे, पण तो स्वतःच्या अधिकारात काही बदलणार नाही. ज्याने लिहिलं त्याने सांगायचं, हे असंच आहे का? असेल तर समासात 'ठेवा' लिहायचं. नसेल तर ओळ खोडायची.

मी टेबलापाशी पत्र घेऊन बसले. दहा ते एक, कामाचीच वेळ. 'ठेवा' लिहायला पेन दोनदा टेकवलं. समासात दोन ठिपके उमटले आहेत.

मग ती ओळ मी खोडली. एका रेघेत, सरळ, खालचं वाचता येईल अशी. आमच्यात तशीच खोडतात. शेजारी सही केली आणि पत्र त्यांच्या पत्त्यावर परत टाकून आले.